सेल फिरतोय, पण करंट कुठे अडलाय?

ठाण्यात ‘पिकअप बंद पडली’ म्हटलं की जो तो डिझेल फिल्टर आणि एअर लॉकबद्दल बोलायला लागतो. त्यांचंही बरोबर आहे. इथल्या बहुतेक पिकअप डिझेलच्या, आणि डिझेल इंजिनला स्पार्क प्लगच नसतो. तुमची डिझेलची असेल तर पुढे वाचू नका, चहा प्या. माझी पेट्रोलची आहे: १९९३ ची मारुती जिप्सी, ९७० सीसी, कार्ब्युरेटरवाली. कापडी छप्पर उतरवून मागचा हौदा मोकळा ठेवलाय. घोडबंदर रोडला माझी नर्सरी आहे, कुंड्या आणि कोकोपीटच्या गोण्या हीच वाहते.

गेल्या जुलैत गायमुखच्या चढावर, मागे चाळीस मोगरे असताना, ती फट्‌ करून बंद पडली. सेल मारला की इंजिन छान फिरायचं, पण पेटायचं नाव नाही. छत्री धरून थांबलेल्या एका जाणकाराने बोनेटमध्ये डोकावून सांगितलं, ‘कॉइल गेली, ताई.’ गाडी टोचन करून आणली आणि मी कॉइल (बॅटरीच्या १२ व्होल्टचे ठिणगीपुरते हजारो व्होल्ट करणारा डबा) विकत घेतली. बसवली. गाडी तशीच. मग कळव्याला अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन केला. त्यांनी तीस वर्षं गॅरेज चालवलं, आता गुडघ्यांमुळे घरीच असतात. ते म्हणाले, ‘आधी मोजायचं, मग घ्यायचं. तू उलटं केलंस.’ पुढे लिहिलंय ते त्या दिवशी त्यांनी फोनवर माझ्याकडून करून घेतलं ते, आणि थोडं नंतर शिकले ते.

बॅटरीपासून सुरुवात. बंद गाडीत मल्टीमीटरवर १२.५ व्होल्टच्या आसपास हवेत, आणि सेल मारताना साडेनऊच्या खाली जाऊ नयेत. खाली गेले तर सेल कसाबसा फिरतो, पण कॉइलला पुरेसा दाब मिळत नाही. बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिनवरून बॉडीला येणारी अर्थची पट्टी बघा. आमच्याकडे खाडीची हवा, तिथे हिरवट पूड हमखास जमते. फ्यूज बघा. आणि जुनी गाडी दुसऱ्याकडून घेतली असेल तर डॅशबोर्डखाली हात घालून चोरस्विच (चोरी टाळायला लपवून बसवलेला, करंट तोडणारा स्विच) शोधा. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या ओम्नीला तो अ‍ॅशट्रेच्या मागे होता, पोराच्या चपलेने दाबला गेला होता, आणि दोन मेकॅनिक येऊन गेले तरी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आता खरंच करंट नाही की पेट्रोल नाही, ते ठरवा. एक प्लग काढा. ओला आहे, पेट्रोलचा वास येतोय, म्हणजे पेट्रोल पोचतंय. तोच प्लग पुसून त्याच्या टोपीत घाला, त्याचा लोखंडी भाग इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवा आणि कुणाला तरी सेल मारायला सांगा. प्लग हातात धरायचा नाही. रबरी मुठीच्या पकडीने धरा किंवा जंपर वायरच्या चिमट्याने बसवा. पंधरा-वीस हजार व्होल्ट असतात, गंमत नाही. कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होत असेल, पेट्रोल सांडलं असेल तर आधी पुसून हवा खेळू द्या. ठिणगी निळी-पांढरी आणि ‘टच्‌ टच्‌’ आवाजाची असेल तर करंटचा प्रश्न नाही. पिवळी, केसासारखी बारीक असेल तर कमजोर आहे. काहीच नसेल तर पुढे चला.

इथे अण्णांचा खाक्या असा, की बॅटरीपासून प्लगपर्यंतच्या साखळीचे दोन तुकडे करायचे. डिस्ट्रिब्युटर म्हणजे चारही प्लगना आळीपाळीने करंट वाटणारा भाग. कॉइलमधून त्याच्या कॅपच्या मधोमध येणारी जाड वायर काढा, तिचं टोक इंजिनच्या धातूपासून अर्धा सेंटीमीटर धरा (अर्थात पकडीनेच), आणि सेल मारा. तिथे ठिणगी उडाली तर कॉइलपर्यंत सगळं ठीक, दोष पुढे आहे: कॅप, रोटर (कॅपच्या आत फिरून करंट वाटणारा तुकडा), प्लगच्या वायरी. नाही उडाली तर दोष अलीकडे. वायर हवेत लोंबकळत सोडून सेल मारू नका, जोर जायला जागा मिळाली नाही की तो कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडतो.

पुढचा भाग पावसाळ्यात जास्त दगा देतो. कॅप उघडून आत बघा. ओल असेल तर कोरड्या कापडाने पुसा, डब्ल्यूडी-४० मारून पुन्हा पुसा. आतल्या भिंतीवर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी, फाटे फुटलेली रेघ दिसली तर तो करंटने स्वतःसाठी काढलेला आडरस्ता आहे. ती घासून जात नाही, कॅप बदलायची. मधोमध स्प्रिंगवरचं कार्बनचं बोंड आहे की गळून पडलंय तेही बघा. रोटरच्या मध्यावर जळका ठिपका असेल तर करंट त्याला भोक पाडून थेट शाफ्टला जातोय. वायरी तपासायला अंधार बरा: बोनेट उघडून सेल मारा, फुटकी वायर असेल तर निळ्या ठिणग्यांची पिलावळ वायरीवरून धावताना दिसते. वायरी काढताना चारही कुठल्या त्याची खूण ठेवा. या इंजिनचा क्रम १-३-४-२ आहे, तो चुकला तर करंट असूनही गाडी नुसती खोकते.

माझ्या गाडीत कॉइलच्या वायरलाच ठिणगी नव्हती, त्यामुळे कॅपची सगळी पुसापुशी फुकट गेली.

अलीकडच्या भागासाठी साधा टेस्ट लॅम्प घ्या, १२ व्होल्टचा छोटा बल्ब आणि दोन वायरी. एक वायर बॉडीला धरा, चावी चालू ठेवून दुसरी कॉइलच्या पॉझिटिव्हला लावा. दिवा लागला नाही तर बिघाड चावीच्या स्विचमध्ये किंवा तिथून येणाऱ्या वायरीत. खात्रीसाठी बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून थेट वायर जोडून गाडी सुरू करून बघता येते, पण मग चावी बंद करूनही इंजिन बंद होणार नाही, ती वायर उपटावी लागेल. फार वेळ असं ठेवू नका.

पॉझिटिव्हला दिवा लागतोय? मग तो निगेटिव्हला लावा आणि सेल मारा. दिवा लुकलुकला तर सीबी पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला, कॉइलचा करंट तोडणारा-जोडणारा स्विच) उघडझाप करतायत, संशय कॉइल आणि कंडेन्सरवर (पॉइंटवर ठिणगी पडू न देणारी छोटी डबी). दिवा अजिबात लागला नाही तर पॉइंट उघडत नाहीत, कंडेन्सर किंवा त्याची वायर बॉडीला टेकलीय, नाहीतर कॉइलची आतली तार तुटलीय. आणि दिवा लागूनच राहिला तर पॉइंटमधून करंट बॉडीपर्यंत पोचतच नाही.

माझा दिवा लागूनच राहिला.

‘मग कॉइलला हात लावू नकोस,’ अण्णा म्हणाले. ‘पॉइंटवर बस.’

पॉइंटचे दोन्ही डोळे काजळले असतील तर बारीक पॉलिश पेपरने एकदा फिरवा, मग कोऱ्या कागदाची पट्टी मध्ये घालून ओढा म्हणजे पूड निघते. रोटरच्या शाफ्टचा कोपरा पॉइंटच्या टाचेला उंचावर धरून असतो तेव्हा फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप बघा: ०.४ ते ०.५ मिलिमीटर. काहीजण हॅक्सॉचं ब्लेड घालून गॅप काढतात. ब्लेड त्याहून जाड असतं, गॅप मोठा होतो, आणि मग तेच लोक कॉइल गेली म्हणतात.

एकट्याने करायची परीक्षाही आहे. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून थोडी ढकला, पॉइंट मिटले की थांबा. कॅप काढलेली, चावी चालू, कॉइलची जाड वायर इंजिनजवळ चिमट्याने अडकवलेली. आता प्लॅस्टिक मुठीच्या पेचकसाने पॉइंट उचका. प्रत्येक वेळी टच्‌ व्हायला हवं. पॉइंटवरच मोठी निळी ठिणगी पडते आणि जाड वायरीला काहीच नाही, तर कंडेन्सर बदला. स्वस्त असतो, मोजत बसण्यात अर्थ नाही. मिटलेल्या पॉइंटवर चावी मिनिटभराहून जास्त चालू ठेवू नका, कॉइल तापते.

माझे पॉइंट स्वच्छ होते, गॅपही बरोबर, तरी काही होईना. मग अण्णांनी विचारलं, ‘आत पॉइंटला येणारी बारकी वायर आहे, ती ओढून बघ. ताणते का?’

ताणत होती. वरचं कव्हर अखंड, कुठे खरचटलेलंही नाही, पण दोन बोटांत धरून ओढलं की रबरबँडसारखं लांब होत होतं. आतलं तांबं तुटलेलं होतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूमने पॉइंटची प्लेट थोडी फिरते, तिच्याबरोबर ही वायर दर वेळी वाकते, आणि तीस वर्षांनी कधीतरी आतल्या आत मोडते. कधी चिकटते, कधी सुटते. महिनाभर गाडी मध्येच आचके का देत होती ते तेव्हा उमगलं. तुमच्याकडे असं वाटलं तर टेस्ट लॅम्प लावून ठेवा आणि ती वायर लाकडी काडीने हलवा. दिवा पापणी लववेल.

बदलताना घरच्या वायरिंगची जाड एकेरी तार घालू नका, आठवड्यात मोडेल. अनेक पदरी, मऊ वायर लागते. मी मागच्या बंद स्पीकरची सहा सेंटीमीटर कापून सोल्डर केली. पहिल्या सेललाच गाडी उठली. नंतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून योग्य वायर आणून बसवली, आणि पावसापुरता डिस्ट्रिब्युटरवर रबरी हातमोजा चढवला, बोटं कापून त्यातून वायरी काढलेला, खालून मोकळा.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनची गाडी असेल तर पॉइंटच्या जागी ‘पिकअप कॉइल’ नावाचा सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक मोड्यूल असतं. तिथे पेचकसाची परीक्षा करू नका. दोन तुकड्यांचा हिशोब मात्र तोच.

जुनी कॉइल मी नंतर मोजली. प्रायमरी, म्हणजे बॅटरीच्या बाजूची गुंडाळी, ३.१ ओहम. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलला येणारा दाब कमी करणारा वेगळा तुकडा) नसलेल्या कॉइलला साधारण तीनच हवेत, म्हणजे ठणठणीत आहे. ती सीटखाली कापडात गुंडाळून ठेवलीय. नव्या कॉइलचं बिल अण्णांना अजून दाखवलेलं नाही.