होमस्टेडचा संप समजून घ्यायचाय? आधी करार कधी संपत होता ते बघा

अमेरिकेचा 1870 ते 1900 चा काळ वाचायला बसलं की आपण आधी कार्नेगी, रॉकफेलर, मॉर्गन ही धनाढ्य उद्योजकांची नावं पाठ करतो, मग कुणी कुणाची कंपनी गिळली ते, आणि कामगार येतात ते थेट दंगलीत, हातात दगड घेऊनच. मीपण बरीच वर्षं असंच वाचत होतो आणि संप नेमका का झाला ते शेवटपर्यंत कळायचंच नाही. आता मी उलटीकडून वाचतो. गोळीबार बाजूला ठेवायचा आणि आधी विचारायचं, या माणसाचा पगार कसा ठरत होता?

पिट्सबर्गजवळ मोनोंगाहेला नदीकाठचा कार्नेगीचा होमस्टेड पोलाद कारखाना घ्या, साल 1892. तिथल्या कुशल कामगारांना टनावर मजुरी मिळायची आणि तिचा दर पोलादाच्या बाजारभावाला बांधलेला. भाव चढला की मजुरी चढणार, पडला की पडणार, पण एका पातळीच्या खाली नाही, आपल्याकडे हमीभाव असतो ना, तसंच काहीसं. ही पातळी होती टनाला 25 डॉलर. कंपनी म्हणाली 22 करा, मग 23 पर्यंत आली, युनियन 24 पर्यंत उतरली, म्हणजे फरक उरला एका डॉलरचा. इथे खूप जण गोंधळतात म्हणून सांगतो, हा डॉलर मजुरीचा नाही, ज्या भावावर मजुरी मोजायची त्या भावाचा आहे.

आता एवढ्याशा फरकावरून माणसं जिवावर उदार झाली का, असं वाटेल. म्हणून दुसरी गोष्ट बघायची, कराराची मुदत. कंपनी आणि युनियनमधला जुना करार 30 जूनला संपत होता, कंपनीला तो इथून पुढे 31 डिसेंबरला संपायला हवा होता. नुसती तारीख दिसते, पण विचार करा, जूनमध्ये काम बंद पडलं तर माणूस कसेबसे दिवस काढतो, पण ऐन थंडीत, बाहेर बर्फ आणि घरात कोळसा नाही, पोरं कुडकुडतायत, तिथे संप किती दिवस टिकणार? मला तरी हे कलम मजुरीच्या कपातीपेक्षा जास्त भयंकर वाटतं, कारण कपात एका करारापुरती आणि हे कायमचं.

मग मशीनकडे बघा. नवीन भट्ट्या, नवीन यंत्रं आली आणि तेवढ्याच माणसांच्या हातून कितीतरी जास्त माल निघायला लागला. देशभरात 1880 ला साधारण साडेबारा लाख टन पोलाद निघत होतं, 1900 ला एक कोटीच्या वर. कंपनीचं म्हणणं, यंत्रात पैसा आम्ही घातला, तर टनाचा दर कमी करणार. कामगाराचं म्हणणं, बारा-बारा तास भट्टीसमोर मी उभा राहतो, मग वाढलेल्या टनात माझा वाटा नको? खरं भांडण हे आहे, डॉलरचे आकडे नंतर येतात.

एक सावधगिरी बाळगा. पगार नुसता डॉलरमध्ये मोजू नका, त्या काळात वस्तूंचे भावही पडत होते, त्यामुळे आकडा कमी झाला म्हणजे पोट मारलं गेलंच असं नाही, काय स्वस्त झालं आणि काय नाही ते बघायला लागतं. शिकागोजवळ रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीच्या गावात 1894 ला नेमकं तेच झालं, मंदी आली म्हणून मजुरी चौथ्या हिश्श्याच्या आसपास कापली पण घरभाडं तसंच ठेवलं, आणि घरमालकही तीच कंपनी.

युनियनमध्ये किती माणसं होती तेही मोजा. होमस्टेडला कामगार 3,800 च्या आसपास, युनियनचे सभासद जेमतेम 800. बाकीचे बरेचसे अकुशल, त्यात पूर्व युरोपातून आलेले कितीतरी, करार त्यांचा नव्हताच, तरी ते संपात उतरले. याबद्दल पुस्तकात एक ओळ असते, मला वाटतं एक अख्खं प्रकरण हवं.

हे सगळं झाल्यावर 6 जुलैवर या. पहाटे दोन बार्जमधून, म्हणजे सपाट मालवाहू होड्यांतून, 300 पिंकर्टनवाले, म्हणजे पिंकर्टन या खाजगी सुरक्षा कंपनीची भाड्याची माणसं, नदीतून आले, दिवसभर गोळीबार चालला, दोन्हीकडची माणसं गेली. तेव्हा हेन्री फ्रिक कारभार बघत होता आणि कार्नेगी स्कॉटलंडमध्ये होता, याच कार्नेगीने 1886 ला लेख लिहून कामगारांचा संघटनेचा हक्क मान्य केला होता. आणि बंदुका कुणी पाठवल्या हे दरवेळी लिहून ठेवा: होमस्टेडला आधी खाजगी माणसं, मग गव्हर्नरने पाठवलेली राज्याची सुमारे 8,500 ची फौज, पुलमनच्या संपाच्या वेळी मात्र इलिनॉयच्या गव्हर्नरने मागितलेली नसताना थेट केंद्राचं सैन्य.

शेवटी पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं पण बघा, संप मिटला तिथे थांबू नका. होमस्टेडचा संप नोव्हेंबर 1892 मध्ये मोडला, बरोबर थंडीच्या तोंडावर. 1901 ला कार्नेगीने सगळा धंदा 48 कोटी डॉलरला विकला. त्या कारखान्यातल्या माणसांना परत युनियनचा करार मिळायला 1937 उजाडलं.