जुना एक्सल आणायला पाठवलं तर आधी हे बघा (नव्या हेल्परांसाठी)

आयटीआयला दोन वर्षं एमएमव्ही (मेकॅनिक मोटर व्हेईकल) करून कुडाळला गॅरेजला लागलो तेव्हा वाटायचं आपल्याला सगळं येतं. तिसऱ्याच महिन्यात उस्तादांनी कुर्ल्याला पाठवलं, एका डिझेल हॅचबॅकचा उजवा एक्सल (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारा दांडा) आणायला, नवा परवडत नव्हता गिऱ्हाइकाला. तुतारी एक्स्प्रेसने रात्रभर बसून दादर, तिथून लोकल, आणि भंगारवाल्याकडे जाऊन मी काय विचारलं तर गाडीचं नाव आणि "उजवा द्या". त्याने दिला. मी चाकाकडच्या टोकाचे दाते मोजले, बरोबर आले, खुश होऊन परत आलो, आणि गिअरबॉक्समध्ये तो जाईचना. पेट्रोल गाडीचा एक्सल होता, आतल्या बाजूचे दाते वेगळे. उस्ताद ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "झिला, दोनय बाजूचे दाते मोजलंस की नाय?" ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तर नाव सांगून एक्सल मागायचाच नाही. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल-डिझेल, मॅन्युअल-ऑटोमॅटिक, जुनं-नवं मॉडेल असं सगळं असतं आणि प्रत्येकाचा एक्सल वेगळा असू शकतो. डावा-उजवा तर वेगळा असतोच बहुतेक, कारण इंजिन आडवं असतं, डिफरन्शिअल (दोन्ही एक्सल जिथे आत बसतात तो गिअरचा भाग) मधोमध नसतं, म्हणून गिअरबॉक्सच्या बाजूचा एक्सल आखूड आणि दुसरा लांब. आरसी बुकावरून चॅसी नंबर घ्या, १७ अक्षरांचा असतो, कंपनीच्या स्पेअर काउंटरवर तो दिला की पार्ट नंबर कळतो. तिथून नवा घेतला नाही तरी विचारायला पैसे पडत नाहीत (थोडं तोंड वाकडं करतात, करू दे).

सगळ्यात सोपं म्हणजे जुना एक्सल गोणपाटात बांधून बरोबर न्या. जड होतो, ट्रेनमध्ये लोक बघतात, पण तो शेजारी ठेवला की निम्मी भांडणं मिटतात. नेता येत नसेल तर रॉकेलने धुवून, एका दात्याला खडूची खूण करून तिथून मोजा, दोनदा. आतले दाते, बाहेरचे दाते, ऑइल सील (तेल अडवणारी रबरी रिंग) जिथे बसते तिथली जाडी व्हर्निअरने, एक्सल नटाचे आटे, सर्कलिपची (एक्सल आत अडकवून ठेवणाऱ्या तारेच्या रिंगची) खाच कुठेय ते.

लांबी मोजताना नवीन पोरं हमखास फसतात. एक्सलच्या दोन्ही टोकांना वळणारे जॉइंट असतात, त्यातला गिअरबॉक्सकडचा, म्हणजे आतला, आत-बाहेर सरकतो, म्हणजे तोच एक्सल ओढून धरला तर लांब आणि दाबला तर आखूड! आपला जुना आणि भंगारातला, दोन्ही पूर्ण दाबूनच मोजायचे. मी माणग्याच्या (बांबूच्या) काठीला खाचा पाडून नेतो, कारण टेप दोन टोकांना एकट्याने धरताना घसरतो.

एबीएसची (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) रिंग विसरू नका. काही गाड्यांत बाहेरच्या जॉइंटवर दातेरी रिंग असते, तिचेही दाते मोजायचे, कमी-जास्त निघाले की त्या चाकाचा स्पीड चुकीचा वाचला जातो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. काहींत तिच्याऐवजी मॅग्नेटवाली रिंग चाकाच्या बेरिंगमध्येच असते, मग एक्सलवर रिंग नसली तरी चालतं, म्हणून निघायच्या आधी आपल्या गाडीचं हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बघून घ्या. एप्रिल २०१९ पासून नव्या कारला एबीएस सक्तीचं झालं, त्याआधीच्या बेस मॉडेलला बऱ्याचदा नसायचं, त्यामुळे भंगारात दोन्ही प्रकार मिसळलेले असतात.

माप जुळलं तरी माल बघायचा राहतोच. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपल्याकडे सगळ्यांना माहितीय, आणि अशा गाड्यांचे पार्ट शेवटी भंगारातच येतात. बुटाची (जॉइंटवरच्या रबरी कव्हरची) पट्टी सोडून आतलं ग्रीस बघा. दुधाळ असेल तर पाणी गेलंय, बोटावर कचकच लागली तर रेती, आणि विकणारा पट्टी सोडू देत नसेल तर सरळ पुढच्या दुकानात जा. सील बसते त्या जागेवर नख फिरवा, खाऱ्या हवेच्या गंजाने खड्डे पडलेले असले की नख अडकतं, तिथून गिअर ऑइल गळणारच. मग हाताने पिळून बघा, जॉइंट खटखट हलला तर नको.

बसवताना सील नवी टाका, एक्सल नटही नवाच, आणि जेवढं गिअर ऑइल निघालं तेवढं परत भरा, हे मी एकदा विसरलो होतो, गाडी गेटपर्यंत गेल्यावर आठवलं.

दुसऱ्या खेपेला आणलेला बसला. उस्तादांनी गाडी मैदानात नेली, स्टेअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल गोल फिरवली, दोन्ही बाजूंना. बाहेरचा जॉइंट गेला असेल तर तिथेच कटकट येते. मी काच खाली करून कान बाहेर काढून बसलो होतो. काही आवाज नाही आला.