टग चाचणी: दोन फिजिओंच्या नोंदी जुळतात का, हे कसं तपासावं

रुग्ण खुर्चीतून उठतो, 3 मीटर चालतो, वळतो, परत येऊन बसतो, आणि याला लागलेले सेकंद आपण मोजतो. टाइम्ड अप अँड गो, म्हणजेच टग, ही चाचणी 1991 पासून वापरात आहे. ती सोपी दिसते, म्हणूनच तिच्यातल्या चुका कुणी तपासत नाही.

आधी नियम लिहून काढा. घड्याळ ‘चला’ म्हणताच सुरू करायचं, की पाठ सुटल्यावर? पार्किन्सन्सच्या रुग्णाचे उठण्यातच दोन-तीन सेकंद जातात, त्यामुळे एवढ्या एका मुद्द्यावरून नोंदी फाटतात. मूळ पद्धत ‘चला’पासूनची आहे, तीच ठेवा. थांबवायचं बूड टेकल्यावर की पाठ टेकल्यावर, तेही ठरवा. हातांची खुर्ची घ्या, बैठक साधारण 46 सेंमी उंच. जमिनीवर पट्टी चिकटवा. शंकू ठेवला तर रुग्ण त्याला वळसा घालतो आणि अंतर वाढतं. पादत्राणं, काठी, स्प्लिंट दर वेळी तीच. ‘शाब्बास, लवकर!’ असं कुणीही म्हणायचं नाही. एक सराव फेरी द्या, तिची वेळ धरू नका.

आता तपासणी दोन टप्प्यांत करा. पहिल्यात दोघांनी एकाच फेरीची वेळ एकमेकांचं घड्याळ न बघता घ्यावी. इथे दिसणारा फरक फक्त मोजणाऱ्यांचा. दुसऱ्यात प्रत्येकाने सूचना देण्यापासून पूर्ण चाचणी स्वतंत्रपणे घ्यावी. आधी कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि मध्ये पुरेशी विश्रांती द्या. या फरकात रुग्णाचा थकवाही मिसळतो. लेव्होडोपा हे पार्किन्सन्सवरचं औषध घेणाऱ्याला दोन्ही वेळा औषधाचा अंमल सारखाच हवा, नाहीतर तुम्ही गोळीचा परिणाम मोजाल. किमान 30 रुग्ण घ्या, आणि सावकाश चालणारे, बरे चालणारे असे सगळे त्यात येऊ द्या. सगळे एकाच वेगाचे असले तर मोजणी चोख असूनही आयसीसी, म्हणजे नोंदी किती जुळतात हे सांगणारा, 1 च्या जितका जवळ तितका चांगला असा आकडा, खाली येतो.

आयसीसी काढताना ‘अॅब्सोल्यूट अॅग्रीमेंट’, म्हणजे नोंदी नेमक्या सारख्या आहेत का हे बघणारा प्रकार, निवडा. एकाची नोंद कायम 2 सेकंद जास्त असली, तरी नोंदी फक्त सोबत वरखाली होतात का एवढंच बघणारे ‘कन्सिस्टन्सी’ आणि पिअर्सन सहसंबंध दोन्ही सगळं उत्तम असल्याचं सांगतील. सर्वसाधारण संकेतानुसार 0.75 ते 0.9 चांगला, त्यावर उत्कृष्ट.

पण आयसीसीवर थांबणं धोक्याचं. तो सेकंदांत बदलून बघाच. प्रमाण विचलन, म्हणजे रुग्णांच्या वेळांचा सरासरीभोवतीचा पसारा, 6 सेकंद आणि आयसीसी 0.95 असेल, तर मापनाची प्रमाण त्रुटी 6 × √(1 − 0.95), म्हणजे सुमारे 1.3 सेकंद. तिला 2.77 ने (1.96 × √2) गुणलं की 3.7 सेकंद; दोन नोंदींत एवढा फरक निव्वळ मापनातल्या चुकीनेही पडू शकतो. म्हणजे ‘उत्कृष्ट’ आयसीसी असूनही 18 वरून 16 सेकंदांवर आलेला रुग्ण खरंच सुधारला, असं ठामपणे म्हणता येत नाही. घरच्यांना प्रगती सांगण्याआधी हा आकडा हाताशी हवा.

शेवटी दोघांच्या नोंदींतला फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडून आलेख काढा. सगळे ठिपके शून्याच्या एकाच बाजूला झुकले असतील, तर घड्याळ सुरू किंवा बंद करण्याचा नियम कुणीतरी वेगळा पाळतोय. सावकाश चालणाऱ्यांकडे ठिपके फाकत असतील, तर ती 3.7 ची मर्यादा त्यांना लावू नका. त्यांच्यासाठी ती अपुरी पडते.