पोटमाळ्यातून एकच केबल येते. तिच्यावर डिश आणि एरियल दोन्ही

लंडनमधल्या हॅरोचं घर घेतलं तेव्हा आधीचे मालक मागच्या भिंतीवर डिश आणि पोटमाळ्यात टीव्हीचं एरियल तसंच ठेवून गेले होते. पोटमाळ्यातून बैठकीच्या खोलीत मात्र एकच केबल उतरते, तीही प्लास्टरच्या आत गाडलेली. तिला एरियल जोडलेलं होतं. डिशची केबल वर गुंडाळी करून पडली होती.

गेल्या उन्हाळ्यात सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले आणि दोन आठवड्यांत रिमोटवरून कुरबूर सुरू झाली. अण्णांना क्रिकेटचे हायलाइट्स, आईंना बागकामाचा कार्यक्रम, आणि वेळ तीच. म्हटलं, रेकॉर्डिंगवाला फ्रीसॅटचा, म्हणजे डिशवरच्या फुकट चॅनलांचा, डबा आणू. तो डिशवर रेकॉर्ड करेल, आणि टीव्हीच्या स्वतःच्या ट्यूनरवर फ्रीव्ह्यू, म्हणजे एरियलवरचे फुकट चॅनल, बघता येतील. म्हणजे खाली डिशही हवी आणि एरियलही. दुसरी केबल बाहेरून आणायची तर ती समोरच्या खिडकीवरून लोंबणार, आणि भिंत फोडायला मी तयार नव्हते.

अण्णा सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ३२ वर्षं होते. त्यांना सगळं समजावून सांगायला लागले तर म्हणाले, "अगं, ही आपल्या ब्रॉडबँडच्या डबीचीच गोष्ट की!" बरोबर होतं. लँडलाइनच्या एकाच जोडीवर खाली ४ किलोहर्ट्झपर्यंत बोलणं आणि २५ किलोहर्ट्झच्या वर इंटरनेट चालायचं, आणि ती छोटी पांढरी डबी दोघांना वेगळं करायची. इथेही तेच. फ्रीव्ह्यू ४७० ते ६९४ मेगाहर्ट्झमध्ये येतं. उपग्रहाचा सिग्नल खरं तर १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झचा, पण डिशच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी तो उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर आणतो. दोघांच्या मधे अडीचशे मेगाहर्ट्झची मोकळी जागा उरते, म्हणून फिल्टरला ते वेगळे करणं सोपं जातं. ही फिल्टरची डबी म्हणजे डिप्लेक्सर. दोन लागतात: एक वर, दोघांना एकत्र करायला, एक खाली, वेगळं करायला.

माझी पहिली चूक इथेच झाली. दुकानातून मी स्प्लिटर, म्हणजे एका केबलच्या नुसत्या दोन करणारी डबी, उचलून आणला. दिसायला अगदी तसाच, तीन तोंडं, किंमतही कमी. लावला, तर डब्याने केबलमध्ये शॉर्ट असल्याचं सांगून हात वर केले. कारण असं की डबा एलएनबीला वीजही याच केबलमधून पाठवतो: उभ्या ध्रुवणाला (म्हणजे उभ्या डोलणाऱ्या लहरींना) १३ व्होल्ट, आडव्याला १८, शिवाय फ्रिक्वेन्सींच्या वरच्या पट्ट्यासाठी २२ किलोहर्ट्झचा टोन. स्प्लिटरने ती वीज एरियलकडेही जाऊ दिली, आणि बऱ्याच एरियलची दोन टोकं आतून जोडलेली असतात. मग शॉर्ट होणारच. डिप्लेक्सर वीज फक्त सॅटेलाइटच्या बाजूने जाऊ देतो. घेताना त्यावर "सॅट" आणि "टीव्ही" अशी वेगळी तोंडं आहेत का आणि सॅटच्या बाजूला डीसी पास (वीज जाऊ देणारं) लिहिलंय का, ते बघा.

खालचा डिप्लेक्सर वेगळा न घेता मी भिंतीवरची प्लेटच बदलली. सॅटेलाइटला एफ कनेक्टर (पिळून बसवायचा) आणि टीव्हीला साधं एरियलचं सॉकेट अशी दोन तोंडांची प्लेट मिळते. पण उलटी करून मागे बघा. मागे केबल जोडायची जागा एकच असेल तर आत डिप्लेक्सर आहे. दोन असतील तर ती नुसती दोन सॉकेटं एका चौकटीत बसवलेली आहेत, आपल्या कामाची नाहीत.

केबलमध्ये वीज चालू असताना काही जोडू-सोडू नका. आधी डब्याचा प्लग काढा. १८ व्होल्टने माणसाला काही होत नाही, पण डब्याला होऊ शकतं. पोटमाळ्यात पाय फक्त लाकडी तुळयांवर. मधे दिसते ती काचलोकर, आणि तिच्याखाली फक्त छताचं प्लास्टर. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, मी अर्ध्या बाह्यांनी गेले आणि रात्रभर खाजवत बसले. डिशच फिरवायची असेल तर शिडीवाला माणूस बोलवा. आमच्याकडे तशी गरज पडली नाही. मजा म्हणजे लंडनमधून २८.२ अंश पूर्वेचा उपग्रह आग्नेयेला दिसतो, आणि हॅरोहून क्रिस्टल पॅलेसचा मनोरा, जिथून फ्रीव्ह्यू येतं, तोही आग्नेयेलाच. डिश आणि एरियल, दोघांची तोंडं जवळजवळ एकाच दिशेला.

आता सगळ्यात चिकट काम: एफ कनेक्टर. केबलचं बाहेरचं आवरण टोकापासून दीड सेंटिमीटर सोला. त्याखालची बारीक तारांची जाळी उलटी करून आवरणावर मागे बसवा. आतलं पांढरं इन्सुलेशन सेंटिमीटरभर कापून तांब्याची तार उघडी करा, तिला चरा पडू देऊ नका. मग कनेक्टर पिळत चढवा, इन्सुलेशन आतल्या काठाशी येईपर्यंत. तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर राहिली पाहिजे. मी चार कनेक्टर केले, चौथा खराब निघाला. अण्णांनी तो चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ नेला आणि नखाने जाळीचा एक केस बाहेर ओढला. केसाएवढी तार, पण मधल्या तांब्याला टेकलेली. त्यानंतर प्रत्येक टोक त्यांनी मल्टिमीटरवर तपासूनच पुढे जाऊ दिलं: दुसरं टोक मोकळं ठेवून मधली तार आणि जाळी यांच्यात रेझिस्टन्स अनंत दिसला पाहिजे.

जोडणी मग साधी आहे. पोटमाळ्यात डिशची केबल डिप्लेक्सरच्या सॅटला, एरियल टीव्हीला, आणि एकत्र तोंड खाली जाणाऱ्या केबलला. एरियलला ॲम्प्लिफायर असेल तर त्याचा पॉवर सप्लाय डिप्लेक्सरच्या अलीकडे, म्हणजे वर पोटमाळ्यातच बसवा. खालून त्याला वीज पोचेलच असं नाही. खाली प्लेटच्या सॅटमधून डबा, टीव्हीच्या सॉकेटमधून टीव्ही.

तपासायची अण्णांची पद्धत मला फार आवडली. वरच्या डिप्लेक्सरपासून डिशची केबल सोडवून ते मल्टिमीटर घेऊन पोटमाळ्यात बसले. मग मी डबा चालू केला, आणि खालून एकेक चॅनल बदलत गेले. "तेरा… तेरा… आता अठरा!" तेरा आणि अठरा दोन्ही दिसले, म्हणजे खालून वरपर्यंत वीज नीट पोचतेय. मग डबा बंद केला, डिश परत जोडली, आणि डबा चालू करून ट्यूनिंग.

एवढं करूनही उपग्रहाचे काही चॅनल फुटत असतील तर केबलवर संशय घ्या. जुनी तपकिरी, सैल जाळीची एरियलची केबल फ्रीव्ह्यूला चालते, पण फ्रिक्वेन्सी चढेल तसा सिग्नल केबलमध्ये जास्त मरतो, त्यामुळे २००० मेगाहर्ट्झच्या आसपास ती दम टाकते. फॉइल आणि जाळी दोन्ही असलेली ७५ ओहमची केबल हवी. आमच्या भिंतीतली नशिबाने तशी निघाली. शिवाय एका केबलवर डिशचं एकच तोंड येतं, त्यामुळे डब्यावर एक रेकॉर्ड करताना दुसरा कुठलाही चॅनल बघता येईलच असं नाही. आमच्याकडे दुसरा फ्रीव्ह्यूवरच बघायचा, म्हणून चाललं.

हे सगळं ऐकून शेजारचे गृहस्थही डिप्लेक्सर घेऊन आले, पण त्यांच्याकडे स्काय क्यू, म्हणजे स्काय कंपनीची पैसे भरून घ्यायची डिशची सेवा, होती. तिचा वाइडबँड (रुंद पट्ट्याचा) एलएनबी २९० ते २३४० मेगाहर्ट्झ सगळं व्यापतो. फ्रीव्ह्यू नेमकं त्याच्या पोटात येतं, म्हणून त्या केबलवर ते बसवताच येत नाही. एलएनबीला दोनच तोंडं दिसली तर काही विकत घेण्याआधी तो कुठला आहे ते बघून घ्या. शेजाऱ्यांनी शेवटी एरियलसाठी बाहेरून वेगळी केबल घेतली. ती समोरच्या खिडकीवरून लोंबते, आणि वारा सुटला की काचेवर टकटक करते.