जुनं टार फेल्ट डांबरी रस्त्यात घालताय? या चुका टाळा

सिंहस्थाच्या तोंडावर नाशिकमध्ये रस्त्यांची कामं निघाली की एक हिशेब हमखास कानावर येतो: गच्चीवरून उखडलेलं टार फेल्ट (गळती रोखायला अंथरलेली डांबरी चादर) फुकट मिळतं, ते दळून रस्त्याच्या खडी-डांबराच्या मिक्समध्ये टाका, डांबर वाचेल. वाचतं, पण ठेकेदार कागदावर मांडतात तेवढं नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फेल्टमधलं सगळं डांबर बचतीत धरणं. छपराचं डांबर उन्हात ओघळू नये म्हणून कारखान्यातच गरम हवा फुंकून कडक केलेलं असतं, त्यावर कित्येक उन्हाळे गेलेले. प्लांटच्या मिक्सरमध्ये ते पूर्ण सुटत नाही. अमेरिकेत शिंगल्स, म्हणजे छपराचे डांबरी तुकडे, रस्त्यात वापरतात, तिथेही प्रमाण सहसा ५ टक्क्यांच्या आतच ठेवतात. समजा, टनभर मिक्समध्ये ५० किलो चुरा घातला आणि लॅबने त्यात २० टक्के डांबर दाखवलं, तर झाले १० किलो. मी त्यातले ६-७ किलोच धरतो. किलोला ५० रुपये भाव धरला तर टनामागे तीन-साडेतीनशे. वाहतूक, निवड, दळण यातूनच भागवायचं.

अंबडकडच्या एका कामावर ठेकेदाराने नव्या डांबरातून पूर्ण १० किलो कापले. रोलर फिरल्यावर रस्ता काळाभोर, देखणा. पण मिक्स हातात घेतलं तर खडीवरचा लेप पातळ आणि मधेमधे फेल्टचे न वितळलेले कपटे. सांगितलं, तर म्हणाला, "साहेब, आधी बिल निघू द्या." पहिल्याच पावसात चाकांच्या पट्ट्यात खडी उघडी पडली. थर खरवडून पुन्हा टाकताना वाचलेले पैसे गेलेच, वर पदरचे घातले. ही घाई मला सहन होत नाही. कडक डांबराच्या जोडीला मूळ डांबर थोडं मऊ लागतं, ते मिक्स डिझाइनमध्येच, म्हणजे लॅबमध्ये मिश्रणाचं प्रमाण ठरवतानाच, ठरवावं, प्लांटवर अंदाजाने नाही.

अमेरिकन शिंगल्सचे आकडे आपल्या फेल्टला लावू नका, प्रत्येक खेपेचा नमुना तपासा. खिळे चुंबकाने काढा. चुरा १२ मिमीपेक्षा बारीक हवा. ढीग शेडखाली ठेवा, ओला चुरा वाळवण्यात बर्नरचं इंधन जळतं.

आणि सातपूरच्या जुन्या शेडचे सिमेंटचे पत्रे "हेही दळू" म्हणून कुणी आणले तर गाडी परत पाठवा. त्यात डांबराचा थेंब नाही, ॲस्बेस्टॉस असतं आणि दळताना त्याची धूळ मजुरांच्या फुफ्फुसात जाते.