नव्या आर्किटेक्टने साइटवर हात कसा बसवावा

कॅड (संगणकावरचं ड्रॉइंग) येतं, थ्रीडी येतं, पण सेंट्रिंगवर, म्हणजे स्लॅबच्या तात्पुरत्या साच्यावर, उभं असताना मिस्त्रीने "साहेब, इथं काय करायचं?" असं विचारलं की घसा कोरडा पडतो. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांतच यावर मेहनत घ्या.

सुरुवात एखाद्या जुन्या घरापासून करा. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या खेड्यांत धाब्याची घरं अजून आहेत: जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर मातीचं सपाट छत. मालकाला विचारा, टेप, ओळंबा आणि सोबतीला एक जण घ्या. खोलीच्या चार बाजू मोजून थांबू नका, दोन्ही कर्ण मोजाच. मी पहिल्या कामात ते मोजले नव्हते. कागदावर खोली काटकोनात बसली, आणि फरशी घालताना भिंतीलगत चार बोटांची पाचर उरली. भिंतीची जाडी, तुळईची उंची-रुंदी, दोन तुळयांमधलं अंतर टिपा आणि त्याच संध्याकाळी १:५० प्रमाणात कागदावर हाताने काढा. कॅड नंतर.

मग ऊन शिका. आपल्याकडे घर ऊन लक्षात घेऊनच बांधायचं असतं. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास गच्चीवर काठी उभी धरा: सावली जवळपास काठीएवढीच पडते, कारण सूर्य तेव्हा साधारण ४५ अंशांवर असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीवर २ फुटी छज्जा असला, तर त्या वेळी सावली २ फूटच खाली उतरते. पश्चिमेला मात्र छज्जा पुरत नाही, तिथे कलतं ऊन थेट आत शिरतं. तिथे जाळी लावा, झाड लावा, नाहीतर खिडकीच लहान ठेवा.

स्लॅबच्या आदल्या दिवशी साइटवर जा. सळया बांधणाऱ्या फिटरबरोबर एकेक सळई बघा. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे कॉलमला साधारण ४० मिमी आणि फुटिंगला (पायाला) ५० मिमी कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, लागतं, स्लॅबला सौम्य हवामानात २० मिमी. सळईखाली ठेवायच्या कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा सरकवलेला दिसला, तर तिथेच काढायला लावा.

कोरड्या उन्हात पीपीसी (पोझोलाना मिसळलेल्या) सिमेंटचा स्लॅब १४ दिवस ओला ठेवायचा असतो. स्लॅबवर छोटे बांध घालून आळी केली आणि पाणी भरलं की सगळे निवांत होतात. आठव्या-नवव्या दिवशी दुपारी तीनला न सांगता जा, आणि आळ्यांत पाणी आहे का ते बोट बुडवून बघा.