मातीची गमतीशीर मांजर बनवा, तीही चकचकीत ग्लेझवाली

गमतीशीर प्राणी बनवायचा तर हुबेहूब बनवायच्या नादाला लागू नका. एकच गोष्ट पकडा आणि ती वाढवा. मासळी बाजारात कोळीण सुरमई कापत असते तेव्हा खाली मान ताणून बसलेली मांजर आठवा, पोट गुबगुबीत करा, मान जरा जास्तच लांब, पाय बारकुडे, बघणारा हसतोच.

माती घेण्याआधी भट्टी ठरवा, हे फार महत्त्वाचं आहे. धारावीच्या कुंभारवाड्यातली लाल माती छान असते पण ती कमी आचेची, १२०० डिग्रीला ती फुगते, वितळते आणि भट्टीच्या फळीला चिकटते. हाय फायर ग्लेझ (जास्त आचेवर वितळणारा काचेसारखा लेप) पाहिजे तर स्टोनवेअर मातीच (जास्त आच सोसणारी माती) घ्या आणि ज्या स्टुडिओत भाजून घेणार त्यांना आधी विचारा.

आता माती नीट मळा, आत हवा राहू देऊ नका. मोसंबीएवढे दोन गोळे घ्या, अंगठा खुपसून वाट्या करा, जाडी ६ ते ८ मिलिमीटर. दोन्हीच्या कडांवर काट्याने ओरखडे काढा, पातळ चिखल म्हणजे स्लिप लावा, वाट्या तोंडाला तोंड लावून दाबा आणि सांधा बोटाने पुसून घ्या. आत हवा कोंडलेली असते ना, तीच आकार धरून ठेवते, त्यामुळे लाकडी चमच्याने हलकं थोपटून पोट हवं तसं करता येतं. मान, डोकं, कान, पाय, शेपूट सगळं ओरखडे आणि स्लिप लावूनच जोडा, नुसतं चिकटवलं तर वाळताना गळून पडतं. डोकं मोठं असेल तर तेही पोकळ करा. शेवटी पोटाखाली सुईने भोक पाडा, डोकं पोकळ असेल तर जोडतानाच मानेतून पोटापर्यंत वाट ठेवा, म्हणजे डोक्यातली हवाही त्याच भोकातून निघेल.

हात धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका हं, पाइप तुंबतो. बादलीत माती खाली बसू द्या.

मुंबईत खरी परीक्षा वाळवण्याची. कान-शेपूट आधी वाळतात, पोट ओलंच राहतं आणि सांध्याला तडा जातो, म्हणून बारीक भागांवर प्लास्टिक गुंडाळा, पंख्याखाली ठेवू नका, पावसाळ्यात तर आठवडे लागले तरी घाई नको. गालाला लावून बघा, गार लागलं म्हणजे आत पाणी आहे, तसंच भट्टीत गेलं तर वाफ होऊन तुकडे उडतात.

पहिली भाजणी साधारण १००० डिग्रीला. मग ओल्या स्पंजने धूळ पुसा, तळाला मेण लावा म्हणजे तिथे ग्लेझ धरणार नाही (नाहीतर मांजर फळीलाच चिकटेल) आणि ब्रशने ग्लेझचे दोन-तीन हात द्या. ग्लेझ म्हणजे शेवटी काचच, ती वितळून बारीक रेषा भरून टाकते, म्हणून मिशा, डोळे, पंजे ओल्या मातीतच खोल कोरलेले बरे. डोळ्यांच्या खाचेत आधी काळा ऑक्साइड (भट्टीत टिकणारा रंग) भरून वरचा पुसून घेतला की नजर एकदम जिवंत दिसते! बादलीतल्या ओल्या ग्लेझच्या रंगावर विश्वास नको, नमुन्याची भाजलेली टाइल बघूनच ग्लेझ निवडा.

दुसरी भाजणी मातीप्रमाणे, १२०० ते १२४० डिग्री. मांजर आकाराने दहावा हिस्सा तरी आकसते, तेवढी आधीच मोठी बनवा. भट्टी पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका आणि तळ सॅंडपेपरने घासून मगच शोकेसमध्ये ठेवा.